पोक का जात नाही: तासन्‌तास बसून अभ्यास करणाऱ्यांसाठी कोअरचा आठ आठवड्यांचा व्यायाम

‘ताठ बस’ हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं, आणि त्याचा परिणाम फार तर दोन मिनिटं टिकतो. यात दरवेळी ऐकणाऱ्याचा आळस असतोच असं नाही. ताठ बसायला सांगितलं की आपण छाती पुढे काढतो, खांदे मागे खेचतो, कमरेत खळगा पाडतो. हे सगळं जोर लावून चालतं, आणि जोर लावलेला स्नायू लवकर थकतो. मग पोक जिथल्या तिथे. लागते ती ताकद नव्हे, दमसास: थोडक्या जोरात, श्वास न अडवता, बराच वेळ मणका सावरून धरण्याची सवय.

हा लेख वीस ते तिशीतल्या कुणालाही चालेल. पण लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली: पुण्यात नव्या पेठेतल्या, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसाचे दहा-दहा तास बसणारी आणि रात्री कॉट बेसिसच्या खोलीत पाठ टेकणारी. त्यामुळे जिम, बॉल, बँड काही लागणार नाही. दोन कॉटांमध्ये सतरंजी मावेल एवढी जागा, एक टॉवेल, एक वाटी आणि एक बादली पुरे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पोक काढून बसल्यानं मणका ‘खराब’ होतो, या म्हणण्याला वाटतो तेवढा भक्कम आधार नाही. नुसती बसण्याची ढब पाहून कुणाची पाठ दुखते आणि कुणाची नाही, हे सांगता येत नाही. त्रास जास्त होतो तो एकाच ढबीत तासन्‌तास गोठून राहिल्यानं, मग ती ढब कितीही ‘आदर्श’ असो. तेव्हा या व्यायामाचा हेतू तुम्हाला सैनिकासारखं ताठ करण्याचा नाही. ताठ बसणं सोपं जावं, आणि ढब बदलायला अंग तयार असावं, एवढाच आहे.

कोअर म्हणजे सिक्स-पॅक नव्हे

पोटावर दिसणारे चौकोन हा कोअरचा एक भाग, आणि ढबीच्या दृष्टीनं तितका महत्त्वाचाही नाही. धडाचा खालचा भाग एक डबा समजा. वरचं झाकण म्हणजे श्वासपटल, तळ म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढून आणि बाजूंनी पट्ट्यासारखा गुंडाळलेला पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, आणि मागे मणक्याला मणका जोडणारे छोटे छोटे स्नायू. हे चौघं म्हणजे कोअर, आणि ते मिळून काम करतात. म्हणूनच जो श्वास कोंडून प्लँक (कोपरं आणि पायांची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं) मारतो, त्याचं झाकण अडकलेलं असतं आणि बाकीचे तिघं उगाच राबत असतात.

येल विद्यापीठातल्या मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये मणक्याच्या स्थैर्याची तीन अंगं मांडली: हाडं-चकत्या-अस्थिबंध, स्नायू, आणि या दोघांना चालवणारी मज्जासंस्था. तिसरं अंग आपण हमखास विसरतो. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवलं की माणूस हात झटकन वर करतो, त्याच्या क्षणभर आधीच पोटाचा तो आतला आडवा स्नायू कामाला लागलेला असतो. कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला उशीर होतो. मग काही वर्षं त्या एकाच स्नायूला वेगळं काढून शिकवण्याची लाट आली. पुढे दिसलं की त्याचा फायदा इतर नीट केलेल्या व्यायामापेक्षा फारसा जास्त नाही. तेव्हा ‘आतला स्नायू सापडतच नाही’ म्हणून कुणी हैराण होऊ नये.

आधी तपासणी

भिंतीपासून टाचा चार बोटं पुढे ठेवून उभे राहा. बूड, पाठीचा वरचा भाग आणि डोकं भिंतीला टेकवा. हनुवटी वर न करता डोकं टेकलं तर उत्तम. टेकत नसेल तर मान पुढे आलेली आहे किंवा पाठीचा वरचा भाग आखडलेला आहे. आता कमरेमागून हात घाला. सपाट तळवा सरकला तर ठीक. अख्खी मूठ आरपार जात असेल तर कमरेतला खळगा जास्त आहे.

मग मित्राला बाजूनं फोटो काढायला सांगा. पण फोटोसाठी उभं राहिलं की सगळेच ताठ होतात. म्हणून डोळे मिटून जागच्या जागी आठ-दहा पावलं टाका, थांबा, आणि तसाच फोटो घेऊ द्या. कान, खांदा, खुबा, गुडघा आणि घोट्याच्या जरासं पुढे अशी उभी रेषा साधारण जुळायला हवी. दोन-चार बोटांचा फरक मनावर घ्यायचा नाही. हा फोटो जपून ठेवा, आठव्या आठवड्यात लागेल.

तिसरी तपासणी जास्त महत्त्वाची. फरशीवर पालथे पडा. बसल्यावर दिसणारं पोक पालथं पडल्यावर निघून जात असेल तर ते सवयीचं आहे, व्यायामानं फरक पडेल. तसंच राहत असेल तर मणक्यांच्या आकारातच बदल असू शकतो. किशोरवयात सुरू होणारा असा एक आजार आहे, तो डॉक्टरांना दाखवावा. उभ्यानं पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसत असेल तरीही दाखवा.

आणि काही बाबतींत व्यायामाच्या आधी डॉक्टरच: पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, दुखण्याबरोबर ताप किंवा विनाकारण उतरलेलं वजन, हर्निया, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तरुण मुलांत एक गोष्ट वारंवार निसटते. तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी, सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त टिकणारा ताठरपणा, आराम केल्यावर वाढणारं आणि हालचाल केल्यावर कमी होणारं दुखणं असेल, तर ते ‘बसून बसून’ नसून मणक्याच्या सांध्यांची सूज असू शकते. त्याचं निदान जितकं लवकर तितकं बरं.

पहिला आठवडा: फक्त श्वास आणि पोट

हा आठवडा सगळे गाळतात, आणि पुढचे सात त्यामुळे फुकट जातात.

फरशीवर उताणे झोपा आणि पोटऱ्या कॉटवर ठेवा, म्हणजे खुबे आणि गुडघे काटकोनात येतील. एक हात छातीवर, दुसरा खालच्या बरगड्यांच्या बाजूला. नाकानं श्वास घ्या. खालच्या बरगड्या बाजूंना पसरायला हव्यात. छाती गळ्याकडे उचलली जात असेल तर श्वास वरवरचा आहे. सोडताना ओठ थोडे मिटून सावकाश सोडा, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या टप्प्यात बरगड्या आपोआप खाली येतात आणि पोटाच्या बाजू किंचित आवळल्या जातात. दोन-तीन मिनिटं, सकाळ-संध्याकाळ.

मग पोट घट्ट धरणं शिका. दोन्ही बाजूंना कमरेची पुढची टोकदार हाडं असतात. त्यांच्यापासून दोन बोटं आतल्या बाजूला बोटांची टोकं दाबून ठेवा आणि हलकेच खोका. बोटांखाली जे टणक होऊन उसळलं, तेच हवं आहे. आता न खोकता तेवढं, किंबहुना त्याच्या पाव भागाएवढंच घट्ट करा आणि धरून ठेवा. बेंबी पाठीकडे ओढायची नाही. फोटोसाठी पोट आत घेतात तसं तर नाहीच.

जोर बरोबर आहे का, हे ओळखायची एक युक्ती. पोट घट्ट धरून राज्यघटनेची उद्देशिका मोठ्यानं म्हणा. ‘आम्ही, भारताचे लोक’पासून शेवटपर्यंत नेहमीच्या आवाजात म्हणता आली तर जोर योग्य. आवाज चिरका झाला किंवा मध्येच धाप लागली तर जास्त लावताय. पाठांतरही होऊन जातं.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात चार व्यायाम

पहिला डेड बग, कारण तो फरशीच शिकवते. उताणे झोपा, दोन्ही हात छताकडे, खुबे आणि गुडघे काटकोनात उचललेले. श्वास सोडत उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय पुढे, असे दोन्ही चार आकडे मोजत खाली न्या. टाच फरशीला निसटती टेकली की परत. मग दुसरी जोडी. प्रत्येक बाजूला सहा. सगळं लक्ष कमरेवर ठेवायचं: फरशी आणि कंबर यांच्यातलं अंतर वाढता कामा नये. पाय खाली जाताना कमर उचलली किंवा बरगड्या वर आल्या की तिथेच थांबा. तुमची आजची मर्यादा तीच. सुरुवातीला जमत नसेल तर हात हलवूच नका, आणि गुडघे वाकलेलेच ठेवून एकेक टाच खाली टेकवा.

दुसरा बर्ड डॉग. दिसायला सोपा आणि नव्वद टक्के लोक चुकीचा करतात (हा माझा अंदाज, सर्वेक्षण नव्हे). ओणवे व्हा: तळवे खांद्यांच्या खाली, गुडघे खुब्यांच्या खाली. पोट किंचित घट्ट. डावा पाय फरशीवरून घासत मागे न्या, पूर्ण सरळ झाला की मग बोटं फरशीपासून उचला. पाय वर फेकायचा नाही, टाच मागच्या भिंतीकडे ढकलायची. मग उजवा हात पुढे, अंगठा छताकडे. इथे स्टीलची वाटी कामाला येते. तिच्यात दोन घोट पाणी घालून ती कमरेच्या सपाट भागावर ठेवा. पाय उचलताना कमरेची एक बाजू वर फिरते, हे आरशाशिवाय कळत नाही, पाठीवर गार पाणी सांडलं की लगेच कळतं. सुरुवातीला पाच सेकंद, पुढे दहा सेकंद धरा आणि बाजू बदला.

तिसरा साइड प्लँक, पण गुडघ्यांवर. कुशीवर या, कोपर बरोबर खांद्याखाली, गुडघे काटकोनात वाकलेले. बूड नुसतं वर उचलायचं नाही, पुढे आणि वर ढकलायचं, म्हणजे गुडघ्यापासून कानापर्यंत एक रेषा येते. बहुतेकांचं बूड मागे राहतं आणि ते कमरेत वाकलेलेच लटकतात. वरचा हात विरुद्ध खांद्यावर ठेवला की खालचा खांदा कानाकडे सरकत नाही. दहा सेकंद.

चौथा ग्लूट ब्रिज. उताणे, गुडघे वाकवून, टाचा बुडापासून वीतभर अंतरावर. आधी बूड आवळा, मग उचला, तीन सेकंद थांबा, सावकाश खाली. दहा वेळा. मांडीच्या मागे पेटके येत असतील तर टाचा थोड्या जवळ घ्या. दिवसभर बसून बुडाचे स्नायू काम विसरतात आणि त्यांचं काम कंबर करू लागते. हा व्यायाम त्यासाठी.

बर्ड डॉग आणि साइड प्लँक किती वेळा करायचे? इथे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मणक्यावर दीर्घ काळ काम केलेल्या स्टुअर्ट मॅकगिल यांची पद्धत सोयीची आहे. एका दमात मिनिटभर धरून थरथरण्यापेक्षा दहा-दहा सेकंदांचे तुकडे, उतरत्या संख्येनं. म्हणजे एका बाजूला सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार वेळा, मग दोन वेळा. थकवा वाढतो तशी संख्या कमी होते, त्यामुळे शेवटची फेरीही नीट होते. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून पाच-सहा दिवस.

डॅनियल स्कॅली या ऑस्ट्रेलियन माणसानं २०२१ मध्ये साडेनऊ तास प्लँक धरून विक्रम केला. त्याचं कौतुक आहे, पण तुम्हाला त्यातून शिकण्यासारखं काही नाही.

वरची पाठ विसरलात तर पोक राहीलच

केवळ कोअरनं पोक जातं असं कुणी सांगत असेल तर तो अर्धंच सांगतोय. पोक बरचसं छातीमागच्या मणक्यांत असतं, आणि कोअरचे व्यायाम मुख्यतः कमरेपाशी काम करतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच या तीन गोष्टी जोडा.

पालथे पडून कपाळाखाली दुमडलेला टॉवेल, हात कोपरात वाकवून बाजूंना. खांद्यांची पाती खाली आणि एकमेकांकडे ओढत कोपर आणि हात फरशीपासून दोन बोटं उचला, पाच सेकंद, दहा वेळा. मान वर करायची नाही. मग दाराच्या चौकटीत उभं राहून कोपर चौकटीला टेकवा आणि एक पाऊल पुढे टाका. छातीत ताण जाणवेल, तिथे तीस सेकंद. खांद्याच्या सांध्यात पुढून टोचलं तर कोपर खाली घ्या. शेवटी एक गुडघा जमिनीवर टेकवून बूड आवळा आणि शरीर किंचित पुढे न्या. टेकलेल्या बाजूच्या मांडीच्या वरच्या भागात ताण आला पाहिजे. कमरेत मागे वाकलात तर ताण जातो कुठल्या कुठे.

पाचवा ते आठवा आठवडा

साइड प्लँक आता पायांवर: वरचं पाऊल पुढे, खालचं मागे. डेड बगमध्ये पाय लांब, टाच न टेकवता. कोपरांवरचा साधा प्लँक जोडा, तोही दहा सेकंदांच्या तुकड्यांत, बूड आवळून. कर्ल-अपही आता घ्या: उताणे, एक गुडघा वाकलेला, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळवे कमरेच्या खळग्याखाली. डोकं आणि खांदे इतकेच उचला की डोक्याखालून वर्तमानपत्राचा कागद सरकेल. मान दुमडायची नाही. दहा सेकंद, श्वास चालू.

आणि माझा सर्वांत आवडता: बादली. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. एका हातात भरलेली बादली घेऊन पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चाला, हात बदला, परत या. बादलीच्या बाजूला झुकायचं नाही आणि विरुद्ध बाजूला कललेलंही चालणार नाही. इथे पोटाच्या बाजूचे स्नायू चालता चालता काम करतात, आणि खरं आयुष्य चालता चालताच घडतं. पाणी सांडू लागलं तर पावलं घाई करतायत. तीन-चार फेऱ्या पुरेत. सुरुवात अर्ध्या बादलीनं करा, पॅसेज कोरडा आहे हे पाहून.

सूर्यनमस्कार आणि सिट-अप

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन प्रचार केला आणि महाराष्ट्रात तो शाळाशाळांत पोचला. मला तो आवडतो, सोडायचं कारण नाही. फक्त पहाटे डोळे उघडल्या उघडल्या घालू नका. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि त्या वेळी खोल पुढे वाकण्याचा ताण जास्त पडतो. कंबर दुखणाऱ्यांनी उठल्यानंतरचे पहिले दोन तास वाकणं टाळलं तर दुखणं कमी होतं, असं संशोधनात दिसलेलं आहे. चहा-आंघोळ उरका, जरा चाला, मग घाला. साष्टांग नमस्कारात जाताना कंबर लोंबत असेल तर वरचा प्लँक आठवा.

सिट-अपबद्दल मात्र माझं मत कडक आहे. मॅकगिल यांच्या मोजणीत एका सिट-अपला कमरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन, म्हणजे साधारण ३३५ किलो वजनाएवढा दाब येतो. निरोगी माणसाला त्यानं लगेच काही होत नाही, पण ढब सुधारायला याचा उपयोग काय? दहा तास पुढे वाकून बसणाऱ्यानं व्यायाम म्हणून पुन्हा पुढेच वाकायचं, हे काही पटत नाही. खांदे मागे ओढणारे पट्टेही विकत घेऊ नका. पट्टा काम करतो तेवढा वेळ स्नायू सुट्टीवर असतात.

खुर्चीचं काय

अभ्यासिकेतली खुर्ची तुम्ही बदलू शकत नाही, पण बूड पार मागेपर्यंत सरकवू शकता आणि टॉवेलची गुंडाळी कमरेमागे ठेवू शकता. पुस्तक सपाट ठेवलं की मान पडतेच. दोन जाडजूड पुस्तकांच्या उतरंडीवर वाचायचं पुस्तक तिरकं ठेवा. लॅपटॉप असेल तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि वेगळा कीबोर्ड घ्या. दर अर्ध्या तासानं मिनिटभर उठा. गजर लावलेला सगळे बंद करतात. त्यापेक्षा दोन लिटरच्या बाटलीऐवजी अर्ध्या लिटरची ठेवा, उठावंच लागतं. चालू घडामोडी उभ्यानं वाचा.

आठव्या आठवड्यात

भिंतीची तपासणी आणि फोटो पुन्हा. फोटोत मोठा फरक दिसेलच असं नाही. दुपारी चार वाजता पाठ कमी अवघडते का, हा प्रश्न जास्त खरा. याशिवाय पायांवरचा साइड प्लँक एकदा थकेपर्यंत धरून वेळ मोजा, दोन्ही बाजूंची. मॅकगिल यांनी निरोगी तरुणांत मोजलेली सरासरी पुरुषांत दीड मिनिटाच्या आसपास आणि स्त्रियांत सव्वा मिनिटाच्या आसपास होती. पण एकूण वेळेपेक्षा दोन बाजूंमधला फरक पाहा. एक बाजू मिनिटभर टिकते आणि दुसरी चाळीस सेकंदांत कोसळते, असं असेल तर पुढचा महिना कच्च्या बाजूला एक फेरी जादा द्या. सॅक नेहमी एकाच खांद्यावर लटकवत असाल तर तेही बदलून बघा.

यानंतर आठवड्यातून तीन दिवस पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं झपझप चालण्यासारखा मध्यम जोराचा व्यायाम लागतो, तो वेगळा. पर्वतीच्या पायऱ्या त्यात धरा. पूर्व परीक्षेच्या आधीच्या महिन्यात वेळच नसेल तर साइड प्लँक, बर्ड डॉग आणि बादली एवढं ठेवा. दहा मिनिटांत होतं, आणि बादली तशीही भरावीच लागते.